कार सीट दर आठवड्याला सैल होते? पट्टा पुन्हा ओढण्याआधी हे तपासा

मागे तोंड करून बसवायच्या कन्व्हर्टिबल (म्हणजे आधी मागे आणि नंतर पुढे, दोन्हीकडे तोंड करून बसवता येणाऱ्या) कार सीटबद्दल माझ्याकडे सगळ्यात जास्त येणारी तक्रार एकच आहे. रविवारी घाम गाळून सीट घट्ट बसवली, आणि पुढच्या शनिवारपर्यंत ती पुन्हा डुलायला लागली. मग पुन्हा गुडघा टेकवायचा, पुन्हा पट्टा ओढायचा, आणि आठवड्याभरात परत तेच. आमच्या सोसायटीत तान्ह्या बाळांची बरीच घरं आहेत आणि बहुतेकांकडे छोट्या गाड्या आहेत: वॅगनआर, स्विफ्ट, टियागो, ग्रँड आय टेन. माझी स्वतःची वॅगनआर. लेकीची सीट तिच्यात नीट बसल्यापासून पार्किंगमध्ये मी कुणाच्या ना कुणाच्या मागच्या दारात वाकलेली असतेच. इतक्या गाड्या पाहून माझं मत पक्कं झालं आहे: सीट पुन्हा पुन्हा सैल होत असेल, तर तुमच्या हातात जोर कमी आहे असं समजू नका. ढिलाई कुठल्या तरी एका ठरावीक जागेतून शिरत असते. ती जागा सापडली की काम पाच-दहा मिनिटांचं असतं.

आधी, ती खरंच सैल आहे का?

सीट तपासताना जवळजवळ सगळे जण तिचा वरचा काठ धरून गदागदा हलवतात. मागे तोंड केलेल्या सीटचा वरचा भाग, म्हणजे बाळाच्या डोक्याकडचा, गाडीच्या पुढच्या सीटच्या बाजूला असतो आणि त्याला तिथे कशाचाच आधार नसतो. तो थोडा हलणारच. तो हलतो म्हणून सीट सैल, असं होत नाही.

हात लावायचा तो गाडीचा पट्टा सीटमधून जिथून जातो तिथे. बाळाच्या पायांकडच्या बाजूला, पट्ट्याच्या अगदी जवळ, एका हाताने सीट धरा. उजखोरे असाल तर डावा हात वापरा, म्हणजे नको तितका जोर लागत नाही. आता डावी-उजवीकडे आणि पुढे-मागे हलवून पाहा. तिथे एक इंचापेक्षा, म्हणजे साधारण अडीच सेंटीमीटरपेक्षा कमी हालचाल असेल तर सीट घट्ट आहे. तिला आणखी ओढू नका. गरजेपेक्षा जास्त ताणलं की सीटचा कोन बिघडतो, त्याबद्दल पुढे सांगते.

अडीच सेंटीमीटरपेक्षा जास्त हलत असेल तर मात्र पुढचं सगळं वाचा.

गाडीचा पट्टा स्वतःहून लॉक होत नाही

ही गोष्ट घरातल्या सगळ्यांनी समजून घ्यावी असं मला मनापासून वाटतं, कारण निम्म्याहून जास्त गाड्यांत घोटाळा इथेच सापडतो. आपल्याकडच्या गाड्यांचा सीट बेल्ट फक्त झटका बसला, गाडीला जोरात ब्रेक लागला किंवा गाडी एकदम कलली तरच अडकतो. एरवी हळू ओढला की तो निमूटपणे बाहेर येतो. मोठ्या माणसासाठी ते बरंच आहे, वाकता येतं, मागे वळता येतं. पण कार सीटसाठी याचा अर्थ असा, की तुम्ही जीव खाऊन ओढलेला पट्टा गाडीच्या बाजूने कुणीच धरून ठेवलेला नाही. पट्टा गुंडाळून घेणाऱ्या रिट्रॅक्टरमधली स्प्रिंग अगदी हलकी असते. प्रत्येक स्पीड ब्रेकरला, बाळाला उचलताना, ठेवताना, बाळाने पाय झाडले की पट्टा जरा जरा सुटत राहतो.

म्हणून पट्ट्याने बसवायच्या सीटला स्वतःची पकड दिलेली असते. कुठे ती रंगीत खटक्यासारखी असते, कुठे दाबून मिटवायची पट्टी असते. पट्टा तिच्यात दाबून बसला तरच ताण टिकतो. युरोपीय आर फोर्टीफोर मानकाच्या सीटवर (आपल्याकडे मिळणाऱ्या बऱ्याच सीट याच मानकाच्या आहेत) पट्ट्याच्या वाटेवर दोन रंगांच्या खुणा असतात. मागे तोंड असताना निळ्या, पुढे तोंड असताना लाल. निळी वाट बहुतेक सीटवर अशी असते: कमरेचा पट्टा सीटच्या पायांकडच्या बाजूवरून आडवा, दोन्हीकडच्या निळ्या खाचांतून, आणि खांद्याचा पट्टा शेलच्या (सीटच्या कडक सांगाड्याच्या) पाठीमागून वळसा घालून. मी पाहिलेल्या गाड्यांत खूपदा आढळलेला दोष म्हणजे कमरेचा पट्टा निळ्या खाचेत आणि खांद्याचा लाल पकडीत. वरवर पाहता सीट बसलेली दिसते. दोन दिवसांनी सैल.

बसवण्याचा क्रम असा ठेवा. पुढची सीट पूर्ण पुढे सरकवा, म्हणजे हात चालवायला जागा मिळते. पट्टा भरपूर बाहेर काढून घ्या आणि वाट पूर्ण झाल्यावर बकल लावा. बकल लावताना पट्ट्याला कुठेही पीळ राहू देऊ नका. मग डावा हात कोपरापासून बाळाच्या बसायच्या जागेत दाबा, वजन सरळ खाली गाडीच्या गादीत जाऊ द्या, आणि उजव्या हाताने बकलजवळचा खांद्याचा पट्टा त्याच्याच वाटेच्या दिशेने ओढा. कमरेच्या पट्ट्यातली ढिलाई बकलमधून सरकत खांद्याच्या पट्ट्यात येताना हाताला जाणवते. ती यायची थांबली की पट्टा सोडायचा नाही. ताण धरूनच पकड मिटवायची. एकट्याला हे जमत नाही. खटका शोधायला हात सोडला की मिळवलेलं निम्मं निघून जातं. दुसरं माणूस पलीकडच्या दारातून आत घ्या आणि पकड त्याला मिटवू द्या. शेवटी शेलमागून फिरणारा उरलेला पट्टा ओढून घ्या.

अमेरिकेहून आलेल्या सीटबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण आपल्याकडे ताई-दादांनी तिकडून पाठवलेल्या किंवा परतताना बरोबर आणलेल्या सीट पुष्कळ आहेत. अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून गाडीचा पट्टाच कार सीटसाठी लॉक करण्याची सोय सक्तीची आहे. पट्टा शेवटपर्यंत बाहेर काढला की तो टकटक आवाज करत फक्त आत जातो, बाहेर येत नाही. तिकडच्या काही सीट या सोयीच्याच भरवशावर बनवलेल्या असतात आणि त्यांना स्वतःची पकड नसते. तुमच्या गाडीत पट्टा शेवटपर्यंत ओढून पाहा. आत जाताना टकटक ऐकू आली नाही, तर अशी सीट नुसत्या पट्ट्यावर कधीच टिकणार नाही. सीटबरोबर आलेल्या पुस्तिकेत इंग्रजी एच अक्षराच्या आकाराची धातूची लॉकिंग क्लिप वापरायला सांगितली असेल तर ती बकलच्या जिभेपासून एखाद्या इंचाच्या आत लावायची असते. नाहीतर त्या सीटचे हुक आयसोफिक्सच्या, म्हणजे कार सीट अडकवायला गाडीतच दिलेल्या लोखंडी दांड्यांना अडकवायचे. पण सीट आणि बाळ मिळून किती वजनापर्यंत हुक चालतात ते सीटवरच्या लेबलवर पाहूनच.

सीट कव्हर

नवी गाडी घेतली की आपण आधी अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात जातो आणि रेक्झिनची जाड, फोम भरलेली कव्हरं चढवून आणतो. गाडीची मूळ सीट खराब होऊ नये ही भावना मी समजू शकते. पण कार सीट सैल होण्याचं पट्ट्यानंतरचं सगळ्यात मोठं कारण हेच कव्हर आहे. एक तर ते गुळगुळीत असतं. दुसरं म्हणजे त्याच्या आतला फोम मूळ गादीवर चिकटलेला नसतो, तो सरकतो. कार सीट या सरकत्या थरावर उभी असते, गादीवर पाट ठेवावा तशी. आज ती घट्ट वाटते कारण फोम फुगलेला आहे. चार दिवस उन्हात गाडी उभी राहिली, फोम मऊ पडला, दबला, की तितकीच ढिलाई पट्ट्यात उतरते. मग तुम्ही पुन्हा ओढता, फोम आणखी दबतो.

त्याहून वाईट म्हणजे काही कव्हरं आयसोफिक्सच्या दांड्या झाकून टाकतात. गाडीत आयसोफिक्स नाहीच असं समजून पट्ट्याने सीट बसवणारे लोक मला भेटले आहेत, आणि कव्हर उचकटल्यावर दांड्या तिथेच निघाल्या. तुमच्याही गाडीत पाहा. मागच्या सीटची बैठक आणि पाठ जिथे मिळतात त्या फटीत, कडेच्या जागेवर, दोन बोटं खोल घाला. करंगळीपेक्षाही बारीक, गोल, थंडगार लोखंडी दांडी बोटाला लागेल, आणि तिच्यापासून साधारण वीतभराहून थोडं जास्त, मध्यापासून मध्यापर्यंत २८ सेंटीमीटरवर, दुसरी. ही सहा मिलिमीटर जाडीची दांडी थेट गाडीच्या लोखंडी सांगाड्याला जोडलेली असते. मूळ कापडावर त्या जागी छोटं लेबल किंवा शिवलेली चीर असते, कव्हरखाली ती दिसत नाही.

माझा आग्रह असा: जिथे कार सीट बसते तेवढ्या तरी जागेचं कव्हर काढा. बहुतेक कव्हरं मागच्या बाजूला हुक आणि इलॅस्टिकने बांधलेली असतात, ती सुटतात. डाग पडतील ही भीती असेल तर एक पातळ सुती चादर अंथरा, तीही सीटच्या पुस्तिकेत मनाई नसेल तरच. सीटखाली घालायला म्हणून विकली जाणारी जाड पॅडं मी टाळते. तीही शेवटी फोमच.

कोन बिघडतो तो का

छोट्या गाडीत मागच्या गादीचा पुढचा काठ उंच आणि फटीकडचा भाग खोल असतो. मोठी माणसं त्यामुळे पाठीला टेकून आरामात बसतात. मागे तोंड केलेल्या कार सीटचं मात्र उलटं होतं: बाळाच्या पायांकडची बाजू खोलात जाते, डोक्याकडची उचलली जाते, आणि सीट हवी त्यापेक्षा उभी होते. तान्ह्या बाळाला मान धरता येत नाही. सीट उभी असली की झोपेत डोकं पुढे पडतं, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट चिमटते. म्हणून नवजात बाळाला सीट उभ्या रेषेपासून सुमारे ४५ अंश मागे कललेली लागते. बाळ मान सावरून बसायला लागलं की तीच सीट थोडी उभी करता येते.

आता सैलपणाशी याचा संबंध. गादीचा फोम दबत जातो तशी सीटची पायांकडची बाजू आणखी खाली रुतते. कोन उभा होतो आणि पट्टाही सैल पडतो, दोन्ही एकाच वेळी. तुम्ही नुसता पट्टा ओढलात तर पायांकडची बाजू आणखी रुतवता. सैलपणा जातो, कोन आणखी बिघडतो. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी सीटवरचा रिक्लाइनचा (कल कमी-जास्त करायचा) खटका योग्य आकड्यावर, मग पट्टा, मग पुन्हा कोन. काही पुस्तिकांत फटीच्या जागी घट्ट गुंडाळलेला टॉवेल ठेवून पायांकडची बाजू उचलायला परवानगी असते, काहींत स्पष्ट मनाई असते. तुमच्या पुस्तिकेत परवानगी असेल तरच ते करा.

सीटच्या बाजूला पातळी दाखवणारा बुडबुडा किंवा रेघ असते. ती पाहताना गाडी कुठे उभी आहे त्याकडे लक्ष द्या. सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगला पाण्यासाठी उतार दिलेला असतो, डोळ्यांना तो जाणवत नाही पण बुडबुडा त्याच्यावर खोटं बोलतो. मी लोकांना गाडी पेट्रोल पंपावर हवा भरायच्या जागी नेऊन तपासायला सांगते, तिथली फरशी बहुधा सपाट असते. फोनमधलं पातळी मोजायचं अ‍ॅपही चालतं: आधी जमिनीवर ठेवून जमीन सपाट आहे ना ते बघा, मग सीटकडे वळा.

पुढच्या सीटची भांडणं

अल्टो के टेनचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) २३८० मिलिमीटर, टियागोचा २४००, वॅगनआरचा २४३५, स्विफ्टचा २४५०. म्हणजे या सगळ्या गाड्यांत मिळून सात सेंटीमीटरचाच फरक. यातल्या कुठल्याही गाडीत नवजात बाळासाठी पूर्ण कललेली कन्व्हर्टिबल सीट मागे बसवली की तिच्या पुढची सीट पुढे घ्यावीच लागते. हे गाडीचं मोजमाप आहे, त्याला इलाज नाही. इलाज आहे तो कुणी कुठे बसायचं याचा.

ड्रायव्हरच्या मागे ही सीट बसवू नका. उंच माणूस चालवत असेल तर त्याला स्टीअरिंगच्या फार जवळ बसावं लागतं, आणि छाती व स्टीअरिंग यांच्यात निदान २५ सेंटीमीटर अंतर हवं. डाव्या बाजूला, पुढच्या प्रवाशाच्या मागे बसवा. आपल्याकडे डावी बाजू म्हणजे फूटपाथची बाजू, बाळाला रहदारीत उभं राहून उतरवावं लागत नाही.

मग प्रश्न येतो पुढच्या सीटवर बसणाऱ्याचा, आणि आपल्या घरांत ती जागा आजोबांची असते. त्यांचे गुडघे डॅशबोर्डला टेकतात, तेही एअरबॅगच्या फार जवळ येतात. ते काही बोलत नाहीत, पण वाटेत कधीतरी खटका दाबून सीट इंचभर मागे घेतात. ती कार सीटच्या डोक्याकडच्या भागाला ढकलते, सीट कलते, पट्टा ढिला होतो. घरी पोचल्यावर सीट पुन्हा पुढे जाते आणि कारण कुणालाच दिसत नाही. दर आठवड्याला सैल होणाऱ्या सीटचं कारण कुठेच सापडत नसेल तर हे विचारून बघा, पण प्रेमाने विचारा. आजोबांना उजवीकडे मागे, नातीच्या शेजारी बसवा. नातीचं तोंड मागे असलं तरी शेजारी बसणारा तिला पूर्ण दिसतो आणि तिची करमणूकही होते. बाळ मान धरू लागल्यावर सीट एक आकडा उभी केली की पुढे काही सेंटीमीटर जागा परत मिळते.

पुढच्या सीटच्या पाठीला कार सीट टेकलेली चालते का, हे सीटच्या पुस्तिकेवर अवलंबून आहे. काही कंपन्या हलका स्पर्श चालवून घेतात, काही अंतर मागतात. गाडीच्या पुस्तिकेतही एकदा पाहा.

पट्टा पुरतच नाही

शेलमागून वळसा घालायला पट्टा खूप लांब लागतो, आणि काही छोट्या गाड्यांत तो कमी पडतो. बकलपर्यंत जीभ पोचत नाही, किंवा पोचली तरी सीट हव्या त्या कोनात बसू देत नाही. अशा वेळी पट्टा लांब करायला बाजारात मिळणारा एक्स्टेन्डर लावू नका. कार सीटची चाचणी त्याच्यासह झालेली नसते. मागची दुसरी जागा बघा, आयसोफिक्सची सीट बघा. पट्टा कमी पडत असेल तर ती सीट त्या गाडीची नाही, इतकं साधं आहे.

बकलचा त्रास वेगळा. गाडीचं बकल लांब दांड्यावर असेल तर ते सीटच्या निळ्या खाचेच्या कडेवर चढतं, आणि पट्ट्याऐवजी प्लास्टिकच्या त्या ठोकळ्यावर ताण येतो. तिथे पट्टा कधीच नीट घट्ट होत नाही आणि अपघातात बकल मोडू शकतं. कोन एका आकड्याने बदलून पाहा, नाही जमलं तर पलीकडची जागा. मधली जागा छोट्या गाड्यांत मी सोडूनच देते: जुन्या गाड्यांत तिथे फक्त कमरेचा पट्टा असतो आणि बहुतेक कन्व्हर्टिबल सीटना तीन टोकांचा पट्टा लागतो. शिवाय मधल्या गादीला फुगवटा असतो.

आयसोफिक्स असूनही हलते

कार सीटचे दोन्ही आयसोफिक्स हात दांड्यांत अडकल्याचे दोन वेगळे खट्ट आवाज ऐकले का, आणि दोन्हीकडच्या खुणा हिरव्या आहेत का? एकच हिरवी असली तर सीट एका बाजूने फिरते. हात अडकल्यावर सीटला गाडीच्या पाठीकडे ढकलून शेवटच्या खटक्यापर्यंत आत घ्यायचं, हे बरेच जण विसरतात.

फक्त दोन दांड्यांवर सीट उभी राहत नाही, तिला तिसरा आधार लागतो. मागे तोंड असताना तो बहुतेक सीटमध्ये जमिनीवर टेकणारा सपोर्ट लेग असतो. त्याच्याखाली ती जाड, गादीसारखी सेव्हन डी मॅट असेल तर पाय हळूहळू रुततो आणि सीट पुन्हा डुलते. मॅट तेवढ्या भागातून काढा, पाय गाडीच्या मूळ फरशीवर टेकवा आणि त्याचीही खूण हिरवी होईपर्यंत लांबी वाढवा. वरचा पट्टा, म्हणजे टॉप टेदर, बऱ्याच कन्व्हर्टिबल सीटना फक्त पुढे तोंड असताना लागतो. पण काहींना दोन्ही वेळा लागतो. तुमची कुठली ते पुस्तिकेत चित्रासह दिलेलं असतं.

आणखी एक ठिकाण पाहायचं राहून जातं. मागची पाठ दोन भागांत दुमडणारी असेल, तर डिकीत सामान भरताना ती उघडली जाते आणि नंतर अर्धवट बंद होते. पाठ जोरात ओढून बघा. ती हलत असेल तर दोष कार सीटचा नव्हताच.

सीट घट्ट, बाळ सैल

कधी कधी सीट ठीक असते आणि ढिलाई हार्नेसमध्ये, म्हणजे बाळाला बांधायच्या सीटच्या स्वतःच्या पट्ट्यांत असते. मागे तोंड असताना खांद्याचे पट्टे बाळाच्या खांद्याच्या बरोबरीने किंवा किंचित खालून यायला हवेत. गळपट्टीच्या हाडापाशी पट्टा उभा चिमटीत धरायला जा. कापड चिमटीत आलं तर तो सैल आहे. थंडीत बाळाला दुपट्यात गुंडाळून वर हार्नेस लावू नका, जाड स्वेटरवरही नको. आधी साध्या कपड्यांवर हार्नेस लावा, मग वरून दुपटं पांघरा. दोन बोटं मावण्याइतकी ढील ठेवा असा सल्ला आजी मायेपोटी देते. आजीला चिमटीची परीक्षा करून दाखवा, ती लगेच शिकते.

इतका आटापिटा का

हे सगळं करताना घरातून दोन आवाज हमखास येतात. मांडीवर घेऊ या ना, आणि आता मोठी झाली, पुढे तोंड करू या. पहिल्याचं उत्तर हिशेबात आहे. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबली, तर आठ किलोच्या बाळाला धरून ठेवायला दीडशे किलोच्या वजनाइतका जोर लागतो. तो कुठल्याच आईच्या हातात नाही. दुसऱ्याचं उत्तर बाळाच्या शरीरात आहे. नवजात बाळाचं डोकं त्याच्या उंचीच्या साधारण चौथा भाग असतं, मोठ्या माणसाचं आठवा. मानेचे मणके अजून पुरते हाडाचे झालेले नसतात. समोरून धडक बसली की मागे तोंड असलेल्या बाळाचं डोकं, मान आणि पाठ एकत्र शेलमध्ये दाबली जातात, जोर सगळ्या पाठीवर पसरतो. पुढे तोंड असेल तर धड पट्ट्यांनी थांबतं आणि डोकं पुढे जातं, सगळा ताण मानेवर. स्वीडनमध्ये बर्टिल आल्डमान यांनी १९६० च्या दशकात अंतराळवीरांच्या आसनांवरून ही कल्पना घेतली, आणि तिथे मुलं बरीच मोठी होईपर्यंत उलटीच बसतात. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये वयाची अट काढून, सीटच्या वजन-उंचीच्या मर्यादेपर्यंत मागेच तोंड ठेवा असा सल्ला दिला. आर १२९ या नव्या युरोपीय मानकात १५ महिन्यांच्या आत पुढे तोंड करताच येत नाही. पाय दुमडले जातात म्हणून काळजी करू नका. मुलं मांडी घालून मजेत बसतात.

पुढच्या सीटवर मागे तोंड करून कधीही बसवू नका. २०२१ पासून आपल्याकडे नव्या मॉडेलना पुढच्या प्रवाशासाठीही एअरबॅग सक्तीची झाली, आणि छोट्या गाड्यांत ती बंद करायची सोय बहुधा नसते. उघडणारी एअरबॅग शेलच्या पाठीवर, म्हणजे थेट बाळाच्या डोक्यामागे आदळते. उन्हाच्या झडपेवरचं ते इशाऱ्याचं चित्र यासाठीच असतं. कायद्याचंही सांगते: मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ ब नुसार १४ वर्षांखालचं मूल पट्ट्याशिवाय किंवा बाल-सुरक्षा आसनाशिवाय असेल तर १००० रुपये दंड आहे.

यातलं काहीच लागू पडलं नाही तर

वरचं सगळं तपासूनही सीट आठवड्यात सैल होत असेल, तर सीट आणि गाडी यांचं जमत नाही असं समजा आणि सीट बदला. नवी घेताना नुसतं ऑनलाइन चित्र पाहून घेऊ नका. गाडी घेऊन दुकानात जा, कव्हर आधीच काढलेलं असू द्या, आणि विकत घेण्याआधी मागे तोंड करून, सगळ्यात जास्त कललेल्या कोनात बसवून पाहा. पुढच्या सीटवर घरातलं सगळ्यात उंच माणूस बसवून बघा. आयसोफिक्स असेल तर त्याचीच सीट घ्या, पैसे थोडे जास्त पडतात पण पट्ट्याची निम्मी भानगड मिटते. १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालेल्या भारत एनसीएपीमध्ये (गाड्यांची टक्कर-चाचणी करून सुरक्षेचे गुण देणाऱ्या योजनेत) मुलांच्या सुरक्षेच्या ४९ गुणांपैकी १२ गुण सीट गाडीत नीट बसतात की नाही याला आहेत. तुमच्या गाडीची चाचणी झाली असेल तर निकालाचा तो भाग वाचा. दुसऱ्याची वापरलेली सीट घ्यायची असेल तर फक्त अगदी ओळखीच्यांकडून, अपघातात न सापडलेली, पुस्तिकेसह आणि मुदत न संपलेली.

आणि गाडी सर्व्हिसिंगला किंवा धुवायला दिली की तिथली मुलं मागची सीट साफ करायला कार सीट सोडवतात आणि आपल्या परीने परत बांधून देतात. गाडी ताब्यात घेतल्यावर तिथेच, गेटबाहेर पडण्याआधी, निळी वाट आणि पकड पाहून घ्या.